‘मृच्छकटिका’तील दयाळू माणसे: चारुदत्त करणाऱ्या नटाच्या प्रश्नाला उत्तर

आपल्या प्रश्नाचा आशय आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. आपला हौशी गट शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हे संस्कृत नाटक मराठीतून बसवत आहे. पहिल्याच वाचनाच्या वेळी दिग्दर्शकांनी “हे दयाळूपणाचे नाटक आहे” असे सांगितले आणि दान करून करून निर्धन झालेल्या चारुदत्ताची भूमिका आपल्याकडे आली. आता तीन आठवड्यांच्या तालमीनंतर आपण लिहिता, की हा माणूस सतत देतो आणि सतत क्षमा करतो, त्यामुळे त्याच्यात करण्यासारखे काही हातीच लागत नाही. त्याच्यावर प्रेम करणारी गणिका वसंतसेना करणाऱ्या ताईंचीही हीच तक्रार आहे, राजाचा उद्दाम मेहुणा शकार मात्र प्रत्येक तालमीत बाजी मारून जातो. या नाटकातील मुख्य पात्रे नेमकी कशी समजून घ्यावीत, असे आपण विचारले आहे.

मी बरीच वर्षे नाटके बसवत आलो आहे आणि हे नाटक दोनदा बसवले आहे. पहिल्यांदा ते फसले, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी जमले. त्या दोन प्रयोगांमध्ये जे उमगले त्याच्या आधारे लिहितो.

माझ्या मते अडचण चारुदत्ताच्या स्वभावात नाही. आपण त्याच्याकडे जो प्रश्न घेऊन जात आहात, त्यात ती आहे. “हा माणूस कसा आहे?” असे विचारले की उत्तर एका शब्दात येते, “दयाळू”, आणि विचार तिथेच खुंटतो. हा शब्द डोक्यात घेऊन रंगमंचावर गेलेला नट आवाज मऊ करतो, मान किंचित कलती ठेवतो आणि चेहऱ्यावर मंद हसू आणतो. पहिल्या वेळी मी माझ्या नटाकडून नेमके हेच करवून घेतले होते. नट गुणी होता, पाठांतर चोख होते, आवाज भारदस्त होता. तरीही तिसऱ्या अंकापर्यंत प्रेक्षक त्याला सोडून चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्याकडे पाहू लागत. दोष त्या नटाचा नव्हता. मी त्याला करायला काही दिलेच नव्हते.

दुसऱ्यांदा संहिता हाती घेतली तेव्हा मी प्रश्न बदलला. या क्षणी कोणाच्या हातात कोणती वस्तू आहे, ती कोणाकडे जाते आणि तिची किंमत अखेर कोण मोजतो, एवढेच प्रत्येक प्रवेशाला विचारायचे असे ठरवले. तेव्हा लक्षात आले, की या नाटकात दया कधी नुसत्या शब्दांत येतच नाही. ती शेल्याच्या रूपाने येते, हातातल्या कड्याच्या रूपाने येते, माहेरच्या रत्नमालेच्या, पोराच्या गाडीत घातलेल्या दागिन्यांच्या, बैलगाडीतल्या जागेच्या, भिक्षूच्या ओल्या चीवराच्या, म्हणजे वस्त्राच्या, रूपाने येते. वस्तू हातात आली की नटाला काम मिळते.

यातील बरेच काही आपल्या संहितेवर अवलंबून आहे, हे आधीच सांगायला हवे. मूळ नाटक १० अंकांचे आहे आणि ते संपूर्ण सहसा कोणी करत नाही. आपण गोविंद बल्लाळ देवलांच्या मराठी संगीत रूपांतरावर आधारित प्रयोग करत असाल, तर पदांसाठी जागा ठेवताना काही प्रवेश आटोपशीर झालेले असतील. एखादी दोन तासांची रंगावृत्ती असेल, तर दुसऱ्या अंकातील जुगाऱ्यांचा गोंधळ किंवा राजा पालकाविरुद्ध उठलेल्या आर्यकाचे राजकारण बहुधा गाळलेले असेल. काय गाळले आहे ते अवश्य तपासा. भासाच्या नावावर असलेले ‘चारुदत्त’ हे ४ अंकी नाटक याच कथेचे आहे, आणि वसंतसेना चारुदत्ताकडे जायला निघते तिथे ते संपते. त्यात मातीची गाडी नाही, न्यायालय नाही, सुळाची वाट नाही आणि क्षमाही नाही. म्हणजे दयेचा हिशोब चुकता करणारा सगळा भाग पुढच्या अंकांत आहे. आपल्या रंगावृत्तीने नेमका तोच भाग घाईने उरकला असेल, तर चारुदत्त पोकळ वाटणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल दिग्दर्शकांशीच बोलावे लागेल.

आता चारुदत्ताकडे येतो. पहिल्या अंकात तो आपल्या गरिबीबद्दल बोलतो, आणि हौशी प्रयोगांत ते बोलणे हमखास रडक्या सुरात होते. तिथे तो काय म्हणतो ते नीट वाचा. पैसा गेला याचे दुःख नाही, कारण पैसा येतो आणि जातो, असे तो स्पष्ट सांगतो. त्याला जाळते ते हे, की घरात काही उरले नाही म्हणून पाहुणे दाराकडे फिरकत नाहीत आणि मित्रांचा स्नेहही सैल पडतो. हे दुःख ज्याची देण्याची सवय सुटलेली नाही आणि देण्याचे साधन मात्र सुटले आहे, अशा माणसाचे आहे. त्याच्या शरीरात देण्याची एक हालचाल भिनलेली आहे, आणि ती हालचाल आता रिकामी जाते.

ही केवळ माझी कल्पना नाही, शूद्रकानेच ती दाखवली आहे. दुसऱ्या अंकात वसंतसेनेचा पिसाळलेला हत्ती एका भिक्षूवर धावून जातो आणि तिचा सेवक कर्णपूरक त्या भिक्षूला वाचवतो. गर्दीतल्या एका माणसाने मला बक्षीस दिले, असे तो येऊन सांगतो. त्या माणसाने म्हणे आपल्या अंगावरच्या दागिन्यांच्या जागा चाचपून पाहिल्या, त्या रिकाम्या लागल्या, मग त्याने वर पाहिले, दीर्घ उसासा टाकला आणि अंगावरचा शेला माझ्यावर फेकला. तो माणूस चारुदत्त. हा प्रसंग रंगमंचावर घडत नाही, नुसता सांगितला जातो, पण चारुदत्ताच्या भूमिकेची किल्ली मला त्यातच सापडली.

माझ्या दुसऱ्या प्रयोगातील नटाला मी एवढेच सांगितले, की तुझ्या उजव्या हाताच्या बोटात कित्येक वर्षे अंगठी होती आणि ती आता नाही. आठवडाभर तो तालमीत, चहाच्या वेळी, बोलता बोलता डाव्या हाताने ते बोट चाचपत असे. मग पाचव्या अंकात वसंतसेना येत असल्याची आनंदाची बातमी सेवक आणतो. शुभवार्ता आणणाऱ्याला मी कधी रिकाम्या हाताने पाठवले नाही, असे चारुदत्त म्हणतो आणि उत्तरीय काढून देतो. त्या वेळी नटाचा हात आधी सवयीने बोटाकडे गेला, बोटावर क्षणभर थांबला आणि मग खांद्याकडे गेला. वाक्य तेच होते, पण प्रेक्षागृहात शांतता पसरली. त्या क्षणापासून प्रेक्षक त्याच्याकडे पाहू लागले ते शेवटपर्यंत.

तिसरा अंक मात्र सर्वांत जास्त वेळ देऊन वाचावा, कारण चारुदत्तातील खरी गुंतागुंत तिथे आहे. वसंतसेनेने त्याच्याकडे ठेव म्हणून दिलेली दागिन्यांची पेटी रात्री शर्विलक नावाचा चोर भिंतीला खिंडार पाडून चोरून नेतो. चारुदत्ताची पहिली प्रतिक्रिया अशी, की चोर बिचारा एवढे कष्ट करून रिकाम्या हाताने गेला नाही, हे बरे झाले. पुढच्याच क्षणी ती ठेव होती हे ध्यानात येते आणि तो कोसळतो. खरे काय घडले त्यावर कोण विश्वास ठेवील, गरिबावर सगळे संशयच घेतील, ही त्याची भीती आहे. मैत्रेय व्यवहारी सल्ला देतो: सरळ नाकारून टाकू, कोणी दिले, कोणी घेतले, साक्षीदार कोण? चारुदत्त म्हणतो, की भीक मागून ठेव फेडीन, पण खोटे बोलणार नाही.

आणि त्यानंतर थोड्याच वेळात तो खोटे बोलतो. पत्नीकडून आलेली रत्नमाला मैत्रेयाच्या हाती देऊन तो वसंतसेनेला निरोप पाठवतो, की तुमची पेटी आपलीच समजून मी जुगारात हरलो, तिच्याबदली ही माळ घ्यावी. पेटी चोरीला गेली असे सांगितले, तर तिला विश्वास ठेवण्याचे किंवा न ठेवण्याचे संकट पडेल. जुगारात हरलो असे सांगितले, की दोष पुरता त्याच्यावर येतो आणि तिने माळ नाकारण्याचे कारणही उरत नाही. काही राखण्यासाठी खोटे न बोलणारा हा माणूस काही देता यावे म्हणून खोटे बोलतो. यात औदार्य आहे आणि अभिमानही आहे, आणि दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. “भीक मागेन पण खोटे बोलणार नाही” हे वाक्य आपण ज्या ठामपणाने म्हणाल, तितकाच हा निरोप देताना आवाज अडखळायला हवा. तिथे आपल्याला करण्यासारखे भरपूर आहे.

या दोन घटनांच्या मध्ये धूतेचा प्रवेश आहे. चारुदत्ताची पत्नी धूता हे नाटकातील सर्वांत दुर्लक्षित पात्र आहे, असे माझे ठाम मत आहे. चोरीची बातमी कळताच ती आधी विचारते, की ते सुखरूप आहेत ना. मग ती म्हणते, की शरीराला इजा झाली असती तरी चालले असते, चारित्र्याला बोल लागायला नको होता. तिच्याकडे माहेरची एक रत्नमाला उरली आहे. नवरा इतका मानी, की बायकोचा दागिना हातात घेणार नाही, हे तिला पक्के ठाऊक आहे. म्हणून ती मैत्रेयाला बोलावते आणि मी रत्नषष्ठीचे व्रत केले आहे, त्याचे दान म्हणून ब्राह्मणाने ही माळ घ्यावी, असे म्हणून ती त्याच्या हवाली करते. घेणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून देणारी स्वतःला मधून बाजूला काढते. संपूर्ण नाटकात इतकी बारकाईने विचार केलेली दया दुसरी नाही, आणि तिचे श्रेय तिला कोणी देत नाही. चारुदत्तसुद्धा माळ पाहून आधी दुखावतो. बायकोच्या धनाने माझ्यावर अनुकंपा केली, म्हणजे आता मी खरा दरिद्री झालो, असे तो म्हणतो. नंतर तो सावरतो आणि अशी पत्नी, असा मित्र व न सुटलेले सत्य ज्याच्याजवळ आहे तो दरिद्री नाही, असे स्वतःला बजावतो.

आपल्या भूमिकेसाठी या दोन वाक्यांमधले अंतर फार मोलाचे आहे. चारुदत्ताला देता येते, घेता येत नाही. दयाळू माणसाच्या मनातला हा कोपरा लेखकाने दडवलेला नाही, मग नटाने तरी का दडवावा? आधीचे वाक्य म्हणताना माळेकडे पाहू नका आणि नंतरचे म्हणताना ती हातात घ्या, एवढ्यानेही पुष्कळ साधते. धूता करणाऱ्या कलाकाराला “ही छोटी भूमिका आहे” असे कोणी म्हटले असेल, तर कृपया हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

इथपर्यंतचे सांगायचे तर, पात्र दयाळू आहे हे मनातून काढून टाकावे. त्याने काय दिले, देताना त्याचे काय तुटले आणि त्याची झळ कोणाला लागली, हे पाहावे. हीच रीत वसंतसेनेला लावली की आणखी एक गोष्ट समोर येते.

वसंतसेना श्रीमंत आहे. चौथ्या अंकात मैत्रेय तिच्या वाड्याचे आठ चौक एकामागून एक पाहतो आणि थक्क होतो. त्यामुळे सोने देणे तिला जड नाही. जुगारात १० सुवर्ण (सोन्याची नाणी) हरलेला संवाहक, म्हणजे अंग चेपून देणारा, जीव वाचवण्यासाठी तिच्या घरात शिरतो, तेव्हा ती हातातले कडे सहज बाहेर पाठवते, आणि ते संवाहकानेच पाठवले आहे असे सांगायला लावते. आपली दासी मदनिका हिला ती दास्यातून सोडते आणि निरोप देताना म्हणते, की आता तूच वंदनीय झालीस. ही तिची उदारता खरीच आहे, पण तिथे तिला तोशीस लागत नाही. तिची दुखरी जागा वेगळी आहे आणि ती पहिल्याच अंकात येऊन जाते. अंधारात चारुदत्त तिला दासी रदनिका समजतो, आपला लहान मुलगा रोहसेन याला पांघरायला शेला देतो आणि त्याला आत घेऊन जा असे सांगतो. तुमच्या घराच्या आतल्या भागात जायचे भाग्य माझे नाही, असे ती मनाशी म्हणते. तिला चारुदत्त हवा आहेच, पण त्याहून तिला ते “आत” हवे आहे. गणिकेला सगळ्या नगरीची दारे उघडी असतात, एका घराचा उंबरठा मात्र बंद असतो.

पाचव्या अंकाबद्दल एकच सांगतो. त्या मुसळधार पावसाच्या रात्री ती चारुदत्ताकडे येते, तेव्हा चोरीला गेलेली पेटी मदनिकेवर प्रेम करणाऱ्या शर्विलकाकडून तिच्याकडे परत आलेली असते, म्हणजे जुगाराची थाप तिला आधीपासून कळलेली असते. ती त्याला खोटे ठरवत नाही. तुमची रत्नमाला मी जुगारात हरले, तिच्याबदली ही पेटी घ्या, असा त्याचाच बहाणा ती त्याला परत करते. हा प्रवेश बहुतेक वेळा केवळ शृंगाराचा म्हणून होतो. त्यातली ही कोवळी समज वाया जाऊ देऊ नका.

सहावा अंक, म्हणजे ज्याच्यावरून नाटकाला नाव मिळाले तो प्रवेश. सकाळी वसंतसेना त्या घराच्या आतल्या चौकात जागी होते. ती रत्नमाला धूतेला परत पाठवते आणि धूता ती सौम्यपणे नाकारते. तेवढ्यात रदनिका रडणाऱ्या रोहसेनाला घेऊन येते. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने खेळायला घेतली होती, ती त्या मुलाने परत नेली; रदनिकेने मातीची गाडी करून दिली, ती याला नको आहे. वसंतसेना त्याला जवळ घेते. ही कोण, असे तो विचारतो. रदनिका म्हणते, तुझी आई. मूल म्हणते, खोटे, ही माझी आई असती तर हिच्या अंगावर एवढे दागिने कसे? या एका प्रश्नात त्या घराची सगळी परिस्थिती आहे. धूतेच्या अंगावर काही उरलेले नाही हे मुलाने पाहिले आहे, आणि आई म्हणजे जिच्या अंगावर दागिना नसतो ती, अशी त्याची समजूत झाली आहे.

वसंतसेना रडू लागते, दागिने उतरवते आणि म्हणते, की आता झाले ना मी तुझी आई. हे घे आणि सोन्याची गाडी कर. इथपर्यंत प्रत्येक कलाकार हा प्रवेश छान करते. पण खरा कस पुढच्या ओळीत आहे. मूल म्हणते, जा, मी नाही घेणार, तू रडतेस. तेव्हा ती डोळे पुसते, आता नाही रडणार, जा खेळ, असे म्हणते आणि मातीची गाडी दागिन्यांनी भरते. तिला त्या क्षणी रडणे आवरायचे आहे, कारण ती रडत राहिली तर मूल काही घेणारच नाही. माझ्या पहिल्या प्रयोगात आमच्या वसंतसेनेने इथे भरपूर अश्रू ढाळले आणि टाळ्याही घेतल्या, पण प्रवेश बुडाला. दुसऱ्या वेळच्या कलाकाराने पदराने डोळे कोरडे केले, श्वास रोखून धरला आणि एकेक दागिना मोजल्यासारखा गाडीत ठेवला. डुल काढताना तिची बोटे थरथरली, तेवढेच. तालमीत आम्ही खरी मातीची गाडी वापरली. सोन्याच्या वजनाने तिचे चाक तडकेल की काय अशी काळजी प्रत्येक वेळी वाटे, आणि ती काळजी प्रवेशाला पोषकच ठरली.

याच दागिन्यांचे पुढे काय होते, ते नवव्या अंकात पाहा. चारुदत्त ते परत करण्यासाठी मैत्रेयाच्या हाती पाठवतो. आठव्या अंकात शकाराने वसंतसेनेचा गळा आवळून, ती मेली असे समजून, खुनाचा आळ चारुदत्तावर घातलेला असतो. वाटेत मैत्रेयाला कळते, की चारुदत्ताला न्यायसभेत बोलावले आहे. तो न्यायसभेत धावतो, शकाराशी हातघाईवर येतो आणि त्याच्या काखेतून ते दागिने सर्वांदेखत जमिनीवर पडतात. मुलाची समजूत घालण्यासाठी दिलेले सोने बापाविरुद्धचा पुरावा ठरते. ते आपल्या घरी कसे आले याचा नीट खुलासाही चारुदत्त करत नाही. वसंतसेना जिवंत नाही असे मानल्यावर स्वतःचा बचाव करण्यात त्याला रस उरलेला नाही, असे मी समजतो. दयेचे फळ गोडच असते, असे हे नाटक कुठेही सांगत नाही, आणि म्हणूनच ते मला खरे वाटते. सहाव्या अंकातील गाडी आणि नवव्या अंकातील सभा या दोन प्रवेशांत तेच दागिने वापरा. प्रेक्षकांनी ते ओळखले पाहिजेत.

शकार तालमीत बाजी मारून जातो याचे कारण त्याला विनोद आहे, पुराणातल्या नावांची भेसळ आहे, आरडाओरडा आहे. त्याला विदूषक करू नका आणि राक्षसही करू नका. देण्याघेण्याच्या दृष्टीने पाहिले तर हा नाटकातील सर्वांत मोठा दाता आहे. चौथ्या अंकात तो वसंतसेनेला आणायला गाडी पाठवतो, सोबत १०,००० सुवर्णांचे अलंकार पाठवतो आणि ती ते परत धाडते. आठव्या अंकात तिला मारण्यासाठी तो आपल्या सेवकाला सोन्याची कडी देऊ करतो. रक्कम पाहिली तर संवाहकाच्या १० सुवर्णांपुढे शकाराचे १०,००० कितीतरी भारी. फरक इतकाच, की त्याच्या प्रत्येक देण्याला दोरी बांधलेली आहे आणि ती तो लगेच ओढतो. आपल्या मित्राला सांगा, की शकार स्वतःला उदार समजतो. एवढे देऊनही ही मला का नाकारते, हे त्याला मनापासून कळत नाही. हे न कळणे जितके प्रामाणिक होईल तितके हसू कमी होईल आणि भीती वाढेल, आणि मग तो चारुदत्तासमोर आरशासारखा उभा राहील.

छोट्या पात्रांवर धावती नजर टाकतो, पण ती छोटी समजू नका. शकाराचा गाडीवान स्थावरक हा गुलाम आहे; मालकाचा हुकूम माझ्या शरीरावर चालतो, चारित्र्यावर नाही, असे सांगून तो खून करायला नकार देतो, आणि दहाव्या अंकात बेड्यांसह उंचावरून उडी टाकून सत्य सांगायला येतो. कोणी त्याचे ऐकत नाही. संवाहक भिक्षू झाल्यावर उद्यानात मृतवत पडलेल्या वसंतसेनेवर आपल्या ओल्या चीवराचे पाणी पिळतो. भिक्षूने स्त्रीचा हात धरायचा नाही, म्हणून उठण्यासाठी तो तिच्यापुढे एक वेल वाकवून धरतो. आपल्या रंगावृत्तीत दुसरा अंक गाळला असेल तर हा भिक्षू कोण, हे प्रेक्षकांना कळणारच नाही. वसंतसेनेची आई न्यायसभेत म्हणते, की माझी मुलगी गेली असेल तर गेली, हा तरी जगू दे. फिर्यादी खरी तर मी, याला सोडा. आणि सुळाकडे नेणारे चांडाळ जमेल तेवढा वेळ काढतात, कारण कदाचित कोणी पैसे भरून याला सोडवील, कदाचित राजाला मुलगा होईल, कदाचित राजाच बदलेल. ज्यांच्या हाती तलवार आहे तेही आपल्या परीने थोडी दया साठवून ठेवतात.

आपण शेवटच्या क्षमेबद्दल विशेष विचारले आहे, की ती खोटी वाटू नये म्हणून काय करावे. राजा पालक मारला गेला आहे, आर्यक राजा झाला आहे, शकाराला बांधून आणले आहे आणि लोक त्याला ठार करा म्हणून ओरडत आहेत. शकार चारुदत्ताच्या पायांवर पडतो. मी सांगेन ते कराल का, असे चारुदत्त आता आर्यकाच्या बाजूला असलेल्या शर्विलकाला विचारतो, आणि दुसऱ्यांदा खात्री करून घेतो. शर्विलकाला वाटते वधाची आज्ञा येणार. चारुदत्त म्हणतो, सोडून द्या. शरण आलेल्या शत्रूला शस्त्राने मारू नये, उपकाराने मारावे. हे वाक्य उपदेशासारखे येऊ नये. थोड्या वेळापूर्वी त्याच्या स्वतःच्या गळ्यात वधाची माळ होती, आपल्या मुलाला तो यज्ञोपवीताशिवाय दुसरे काही देऊ शकला नव्हता. आता पहिल्यांदाच त्याच्या हातात देण्यासारखे काही आहे, आणि ते म्हणजे एका माणसाचा जीव. ती जुनी, सवयीची हालचाल इथे परत येऊ द्या. बोट चाचपणारा हात या वेळी रिकामा परत जाऊ नये.

पण त्याच प्रवेशात एक गोष्ट आहे, जी मला दोन्ही प्रयोगांत अस्वस्थ करत राहिली. गळा आवळला गेला तो वसंतसेनेचा, आणि क्षमा करतो चारुदत्त. शूद्रकाने तिला क्षमेचे एकही वाक्य दिलेले नाही. चारुदत्त निर्णय देण्याआधी ती त्याच्या गळ्यातील वधाची माळ काढते आणि शकाराच्या अंगावर फेकते, एवढीच कृती तिला दिली आहे. माझ्या पहिल्या प्रयोगात मी ती कृती गाळली, कारण ती क्षमेच्या भावनेला तडा देते असे मला वाटले. ती माझी चूक होती. दुसऱ्या वेळी आम्ही ती ठेवली, आणि चारुदत्ताने “सोडून द्या” म्हटल्यावर माळ जमिनीवर तशीच पडू दिली. शकार उठून गेला, नवऱ्याच्या मागे सती जायला निघालेल्या धूतेला वाचवण्यासाठी सगळे धावले, आणि वसंतसेना एक क्षण त्या माळेजवळ थांबली. ती माळेकडे पाहील, तिला ओलांडेल, की उचलून बाजूला ठेवील, हे मी ठरवले नाही. ते त्या कलाकाराने ठरवले आणि प्रत्येक प्रयोगात वेगळे ठरवले. आपल्या वसंतसेनेलाही ते ठरवू द्या, आणि तालमीत तो क्षण येईल तेव्हा आपण चारुदत्त म्हणून तिच्याकडे पाहत आहात की शकाराकडे, हे एकदा तपासून पाहा.